दोर धरणारा हात

चिंतनासाठी वाचने : नहेम्या ५:१-१९, याकोब ५:१-६, लूक १६:१०-१३



१ मे रोजी आपण कामकरी संत योसेफचा सण साजरा करतो. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण ख्रिस्तसभेला दिला. त्याच दिवशी कामगार दिन असतो आणि आपला महाराष्ट्र दिनही असतो. या सणाच्या दिवशी बहुतेक वेळा कामगारांना उपदेश केला जातो. प्रामाणिकपणे काम करा, वेळ वाया घालवू नका, मालकाच्या पाठीमागेही तेवढेच राबा, असे सांगितले जाते. हा उपदेश योग्यच आहे. परंतु आज आपण दुसऱ्या बाजूचा विचार करू या. जो काम करवून घेतो, ज्याच्या शब्दावर दुसऱ्याची चूल पेटते, त्याच्या प्रामाणिकपणाविषयी आज बोलू या.

हे ऐकताच काहींना वाटेल, "हे मोठ्या साहेबांसाठी आहे, आपल्यासाठी नाही." जरा थांबा. आपल्या धर्मग्रामात हॉटेलात काम करणारे आहेत, तसे हॉटेलात दहा मुलांवर देखरेख ठेवणारेही आहेत. बंगल्याची राखण करणारे आहेत आणि मालक मुंबईला असताना माळ्याला, सफाईवाल्या बाईला त्यांच्या वतीने पैसे देणारेही आहेत. रेल्वेतील सुपरवायझर आहेत, शाळेतील मुख्याध्यापक आहेत, छोटे ठेकेदार आहेत, दुकानदार आहेत. आणि ज्या घरी धुणेभांड्यांसाठी एक मावशी येते, त्या घरची गृहिणीसुद्धा तेवढ्यापुरती मालकीणच आहे. ज्याच्या हाताखाली एक जरी माणूस काम करतो, त्याच्यासाठी आजचे चिंतन आहे.

आपल्या घाटाची गोष्ट

या विषयासाठी उदाहरण शोधायला आपल्याला दूर जायला नको. खंडाळा स्टेशनवर उभे राहून खाली कर्जतकडे जाणारी गाडी पाहिली तरी पुरे. तो लोहमार्ग हेच आपले उदाहरण आहे.

मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढे १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. खाली खोपोलीपर्यंत गाडी येत होती, वर खंडाळ्यापासून पुढे गाडी जात होती, पण मध्ये बोरघाट उभा होता. प्रवासी पालखीतून, तट्टूवरून किंवा बैलगाडीने घाट चढत. हा मधला दुवा जोडण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने हाती घेतले होते. तिचे मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग, जवळपास ५५० मीटरची चढण, २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल असे हे काम होते. काही ठिकाणी चढ इतका तीव्र की ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर चढावे लागे. आजसुद्धा पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारे बँकर इंजिन लावतात, यावरून कल्पना करा.

कामाची पद्धत कशी होती? घाटातले कडे असे सरळ की काही ठिकाणी पाय ठेवायलाही जागा नव्हती. तेथे मजुरांना वरून दोराने खाली सोडत. दोराला लोंबकळत ते कातळात सुरुंगाची भोके पाडत. प्रिय बंधुभगिनींनो, हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. खाली शेकडो फुटांची दरी. हातात पहार आणि हातोडा. तो मजूर कातळाकडे पाहून काम करतो, वर पाहत नाही. कारण वर दोर धरणारा माणूस दोर सोडणार नाही, असा त्याला विश्वास आहे. तो विश्वास आहे म्हणून त्याचे दोन्ही हात कामाला मोकळे आहेत. ज्या क्षणी त्याला शंका येईल, त्या क्षणी त्याचा एक हात हातोडा सोडून दोर पकडील. आणि एका हाताने कातळ फुटत नाही.

पुढारी किंवा मालक प्रामाणिक असला म्हणजे कामावर काय परिणाम होतो, हे समजण्यासाठी मला याहून सोपे उदाहरण सापडत नाही.

मजूर का उठले?

घाटाचे कंत्राट विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. १८५६ च्या जानेवारीत काम सुरू झाले. फेव्हिएलने कामाचे तुकडे पाडून पोटकंत्राटदारांना दिले. पोटकंत्राटदारांच्या हाताखाली मुकादम होते, आणि मुकादमांच्या टोळ्यांमध्ये कोकणातून व देशावरून आलेले हजारो मजूर होते. त्यात पुरुष होते, तशा डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायाही होत्या. कामाचा हंगाम म्हणजे पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा. मजुरी वरून निघायची ती एकेका हातातून खाली यायची. शेवटच्या माणसापर्यंत येता येता ती उशिरा पोहोचू लागली, ठरल्यापेक्षा कमी पोहोचू लागली, काही वेळा पोहोचलीच नाही.

घरदार सोडून डोंगरात झोपडी बांधून राहणाऱ्या माणसाची मजुरी थकली की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. दुकानदार उधार धान्य देतो, मग वाढीव भाव लावतो, मग देणे बंद करतो. अखेर जानेवारी १८५९ मध्ये घाटातील मजूर उठले. दंगल झाली, कामावरच्या युरोपियनांवर हल्ले झाले. हिंसेचे समर्थन आपण करणार नाही. पण आग कशामुळे लागली हे विचारल्याशिवाय नुसत्या धुराला दोष देणे योग्य नव्हे. थकलेली मजुरी हे तिचे मूळ कारण होते. दोनच महिन्यांनी, मार्च १८५९ मध्ये, फेव्हिएलने कंत्राट सोडून दिले.

पुढच्याच वर्षी, १८६० साली, सरकारने कायदा केला. रेल्वे आणि सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने लवकर सोडवावेत, अशी त्यात तरतूद होती. पण त्याच कायद्यात काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली होती. म्हणजे कायद्याने एका हाताने दाद दिली आणि दुसऱ्या हाताने धाक घातला. कायदा हवाच, परंतु कायद्याला विश्वास निर्माण करता येत नाही. विश्वास माणसालाच निर्माण करावा लागतो.

नंतर हे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतले. ते १८५९ च्या अखेरीस पत्नी ॲलिससह येथे आले आणि अवघ्या काही दिवसांत आजाराने वारले. परक्या देशात, एवढ्या अवघड कामाच्या तोंडावर एक विधवा स्त्री उभी होती. ती परत गेली असती तर कोणी तिला नावे ठेवली नसती. पण पतीने दिलेला शब्द तिने आपला मानला. घाटाची माहिती असलेले ॲडमसन आणि क्लाउझर हे दोन अभियंते तिने कामावर नेमले आणि काम पुढे नेले. १८६१ साली घाटात सुमारे ४२,००० माणसे काम करत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्‌घाटन झाले.

मी हे गोड करून सांगत नाही. त्या बांधकामात पटकीने, तापाने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत. घाटातील एक मोठा दगडी पूल तर जुलै १८६७ मध्ये कोसळला, आणि त्या काळात कंपनीच्या दगडकामाच्या दर्जाविषयी मोठे प्रश्न उभे राहिले. हिशेबाच्या वहीत खोटे लिहिता येते. दगडाला मात्र खोटे फार दिवस सांभाळता येत नाही, पावसाळा आला की ते बाहेर पडते.

आपल्या भागातील लोकांनी या घाटाची आणखी एक गोष्ट जपून ठेवली आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. गाडीवाले तेथे नाणे टाकून पुढे जातात. लोककथा अशी की शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रज साहेबाला घाटातील वाट दाखवली. साहेब म्हणाला, काय हवे ते माग. धनगराने आपल्या लोकांचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही लोककथा आहे, इतिहासाचा दाखला नव्हे. परंतु लोक पिढ्यान्‌पिढ्या ती का सांगत आले असतील? ज्याने वाट दाखवली, ज्याच्या श्रमावर वाट तयार झाली, त्याला दिलेला शब्द पाळला गेला नाही, ही सल लोकांच्या मनात राहिली म्हणून. फसवलेला माणूस विसरत नाही. त्याची नातवंडेही विसरत नाहीत.

नहेम्याने काय केले?

आता पवित्र शास्त्राकडे वळू या. तेथेही एक मोठे बांधकाम आहे. यरुशलेमचा तट पडला होता. अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार नहेम्या याला परमेश्वराने प्रेरणा दिली आणि तो तट बांधायला आला. बाहेरून शत्रू धमक्या देत होते. तरीही काम चालू होते. पण पाचव्या अध्यायात काम आतून अडचणीत येते. गरीब लोक आणि त्यांच्या बायका आक्रोश करू लागतात. शेते गहाण पडली आहेत, द्राक्षमळे गहाण पडले आहेत, पोटच्या मुलामुलींना दास म्हणून द्यावे लागत आहे. आणि हे करणारे परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. तटासाठी दगड वाहायचे आणि घरी आले की व्याजाचा तगादा ऐकायचा, अशी त्यांची दशा झाली होती.

नहेम्याने काय केले ते टप्प्याटप्प्याने पाहा.

पहिली गोष्ट, त्याने तक्रार ऐकली. "आता काम महत्त्वाचे आहे, तुमचे रडगाणे नंतर," असे तो म्हणाला नाही.

दुसरी गोष्ट, त्याला राग आला, पण त्याने आधी मनाशी विचार केला. रागाच्या भरात तो बोलला नाही.

तिसरी गोष्ट, तो श्रीमंतांशी आणि अधिकाऱ्यांशी तोंडावर बोलला, सर्वांच्या देखत बोलला. आणि बोलताना त्याने स्वतःला बाजूला ठेवले नाही. मी, माझे भाऊ आणि माझी माणसेही पैसा व धान्य उसने देत आहोत, आता आपण सर्वांनी ही व्याजाची वसुली सोडून देऊ, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. जो स्वतःच्या वहीपासून सुरुवात करतो, त्याचे लोक ऐकतात.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी आहे. सुभेदार म्हणून त्याला भत्ता घेण्याचा हक्क होता. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल चांदी वसूल करत, आणि त्यांचे नोकरही लोकांवर दरारा गाजवत. नहेम्याने बारा वर्षे तो भत्ता घेतला नाही. लोकांवर आधीच भार आहे, हे तो जाणून होता, आणि त्याला देवाचे भय होते. त्याने या काळात स्वतःसाठी जमीन विकत घेतली नाही. उलट तो आणि त्याची माणसे तटाच्या कामात राहिली.

आणि परिणाम? सहाव्या अध्यायात नोंद आहे की तट बावन्न दिवसांत पूर्ण झाला. तेच दगड, तीच माणसे, तेच शत्रू. चौथ्या अध्यायात याच ओझे वाहणाऱ्यांची शक्ती खचली होती. मजुरांना कोणी चाबूक मारला नाही, कोणी बक्षिसाचे आमिष दाखवले नाही. त्यांच्या मनातील शंका दूर झाली आणि हात मोकळे झाले.

कामावर परिणाम कसा होतो?

आपल्या रोजच्या कामाच्या ठिकाणी हेच घडते. पुढारी अप्रामाणिक असला की कामगार लगेच काम सोडून जात नाही. त्याला पोट आहे. तो थांबतो, पण मनाने निघून जातो. हे तीन प्रकारे होते.

एक, तो मोजू लागतो. साहेब माझ्या जादा तासाचे पैसे देत नाही, मग मीही सहा वाजले की हातातले सोडून उठणार. जेवढे सांगितले तेवढेच. गिऱ्हाईक दारात उभे असले तरी, नळ गळत असला तरी, ते माझे काम नाही.

दोन, तो लपवू लागतो. ज्या ठिकाणी साहेब स्वतःची चूक कनिष्ठाच्या माथी मारतो, तेथे कोणीही चूक वेळेवर सांगत नाही. काच फुटली तर तुकडे गुपचूप टाकले जातात. गॅसचा वास आला तरी माणूस गप्प राहतो, कारण सांगणाऱ्यालाच दोषी धरले जाते. छोटी चूक लपून लपून मोठी होते. घाटात राहणाऱ्यांना हे सांगायला नको की दरडीचा पहिला छोटा दगड पडतो तेव्हाच सांगणारा माणूस हवा असतो.

तीन, तो शिकू लागतो. हे सर्वांत वाईट. खोटे बिल कसे करायचे, पाहुण्याकडून जास्त पैसे कसे घ्यायचे, हे तो वरच्याकडे पाहून शिकतो. मालक सरकारला फसवतो, मॅनेजर मालकाला फसवतो, आणि मग मालक तक्रार करतो की हल्ली चांगली माणसे मिळत नाहीत. चांगली माणसे मिळाली होती, आपण त्यांना बिघडवले.

याच्या उलटही खरे आहे. मालक गरीब असला, पगार मोठा नसला, तरी ज्याचा शब्द पक्का आहे त्याच्याकडे माणसे वर्षानुवर्षे टिकतात. गावी गेलेला कामगार सुट्टी संपली की परत येतो. नेत्याचा प्रामाणिकपणा मोजायचा असेल तर त्याच्या भाषणावरून मोजू नका. त्याची माणसे परत येतात का, ते पाहा.

"मी तर दिले होते"

येथे एक सबब नेहमी पुढे येते. "मी तर पैसे दिले होते. मधल्या माणसाने दिले नाहीत, त्याला मी काय करू?" बोरघाटातही कदाचित हेच उत्तर मिळाले असते. आज बांधकामावर, मोठ्या हॉटेलांत, सुरक्षारक्षकांच्या एजन्सीत, सर्वत्र ठेका आणि पोटठेका आहे. मालकाला मजुराचे नावही ठाऊक नसते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या परिपत्रकात या सबबीला उत्तर दिले आहे. त्यांनी प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा फरक केला. जो हातात पैसे ठेवतो तो प्रत्यक्ष मालक. पण ज्यांच्या निर्णयांमुळे, ज्यांच्या धोरणांमुळे त्या मजुराची मजुरी ठरते ते सर्व अप्रत्यक्ष मालक आहेत आणि त्यांच्यावरही जबाबदारी आहे. समाज न्यायाने चालला आहे की नाही याची परीक्षा मजुरीवरूनच होते, असा त्या शिकवणीचा आशय आहे. त्याआधी १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात मजुराची मजुरी बुडवणे हे स्वर्गाकडे दाद मागणारे पाप आहे असे सांगितले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेव्हा याच परिपत्रकाची आठवण त्यांनी जगाला करून दिली.

संत याकोब तर आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात फार कठोर शब्द वापरतो. शेतात राबलेल्यांची अडवलेली मजुरीच ओरडत आहे आणि ती ओरड प्रभूच्या कानांपर्यंत गेली आहे, असे तो म्हणतो. मजूर भीतीने गप्प असेल. पण तुमच्या कपाटात राहिलेले त्याचे पैसे गप्प नाहीत. मोशेच्या नियमशास्त्रात म्हणूनच सांगितले आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. सूर्य मावळण्याच्या आत! महिनाअखेरीस नव्हे, बिल पास झाल्यावर नव्हे.

कोणी प्रामाणिकपणे विचारील, "फादर, पावसाळा गेला की आमचा धंदा मंदावतो. पैसे खरोखरच अडकतात. तेव्हा काय करायचे?" प्रश्न खरा आहे. शनिवार-रविवारच्या गर्दीवर चालणाऱ्या गावात तो आणखी खरा आहे. त्याचे उत्तर नहेम्याकडे आहे. पहिले, लपवू नका. पगाराच्या दिवशी तोंड चुकवू नका, फोन बंद ठेवू नका. समोर बसवून खरी परिस्थिती सांगा आणि तारीख द्या. दुसरे, तोटा आधी स्वतःच्या ताटातून काढा. मालकाच्या घरी नवी गाडी येते आणि कामगाराला सांगितले जाते की यंदा धंदा नाही, तेव्हा कामगार गाडीकडे पाहतो, शब्दांकडे नाही. तिसरे, दिलेली तारीख पाळा. गरीब माणूस अडचण समजून घेतो, कारण अडचण त्याच्या ओळखीची आहे. फसवणूक मात्र तो समजून घेत नाही, आणि घेऊही नये.

ज्यांचा मालक प्रामाणिक नाही

आपल्यापैकी अनेक जण खालच्या बाजूला आहेत. दोर दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो हात विश्वासाचा नाही. त्यांनी काय करावे?

आपली मजुरी मागणे हे पाप नाही, उद्धटपणाही नाही. नहेम्याकडे लोक ओरडत गेले आणि शास्त्राने त्यांना दोष दिलेला नाही. एकट्याला भीती वाटत असेल तर चार जण मिळून जा. कायद्याचा आधार घ्या. कोणाला अर्ज लिहून हवा असेल, सोबत कोणी हवे असेल, तर धर्मग्रामाने मागे राहू नये.

पण एक गोष्ट जपा. मालक खोटा म्हणून मीही खोटा, हा हिशेब करू नका. संत पौल कलस्सैकरांना सांगतो की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. आणि त्याच पत्रात पुढे तो धन्यांनाही बजावतो की तुमच्यावरही स्वर्गात धनी आहे. तुमचे कौशल्य ही तुमची संपत्ती आहे, मालकाची नव्हे. नासरेथच्या सुताराला कोणकोणते गिऱ्हाईक भेटले असेल, कोणी पैसे बुडवले असतील, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण त्याच्या हाताखाली जो मुलगा काम शिकला, तो मोठा झाल्यावर प्रामाणिक कामकऱ्यांचे आणि मळ्याच्या धन्याचे दाखले देऊ लागला. संत योसेफचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. त्याचे वागणेच प्रभू येशूने पाहिले.

सुरुवात कोठून?

सुरुवात आपल्या देवळापासूनच व्हावी. देवळाची झाडलोट करणारी बाई, धर्मगुरूंचा स्वयंपाकी, दफनभूमीत खड्डा खणणारा माणूस, सणाला मंडप घालणारा, यांचे पैसे वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे गेले पाहिजेत. जेथे ख्रिस्ताचे शरीर वाटले जाते, तेथे कोणाची मजुरी राहून जाता कामा नये. हे पाहण्याचा हक्क प्रत्येक धर्मग्रामस्थाला आहे, आणि विचारल्यावर कोणी रागावू नये.

मग आपापल्या घरी जा. घरी काम करणाऱ्या मावशीने महिन्यात दोन खाडे केले म्हणून पैसे कापण्याआधी एवढे आठवा की आपल्या नोकरीत आपल्याला पगारी रजा मिळते. तिने उचल मागितली तर चार जणांसमोर सुनावू नका. दिवाळीला जे देऊ म्हटले ते नाताळपर्यंत लांबवू नका. "थोड्यात जो विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू" हा प्रभूच्या शिकवणीचा गाभा आहे. ज्याला दोनशे रुपयांचा शब्द पाळता येत नाही, त्याच्या हाती दोन कोटींचे काम आले तरी तो बदलत नाही, फक्त फसणाऱ्यांची संख्या वाढते.

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभू येशूने उत्तम मेंढपाळ आणि मोलकरी यांच्यातील फरक सांगितला. लांडगा आला की मोलकरी पळून जातो. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी तो उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. ज्याने असे केले त्याच्यासाठी त्या साध्या कोळ्यांनी पुढे जगाच्या टोकापर्यंत काम केले आणि जीवही दिला. ते त्याच्या मागे गेले, कारण त्याने त्यांचा दोर कधी सोडला नाही. क्रुसावरसुद्धा नाही.

या आठवड्यात स्वतःला विचारू या :

१. माझ्याकडून कोणाची मजुरी, उचल किंवा दिलेला शब्द बाकी आहे का? तो मी कोणत्या दिवशी पूर्ण करणार?

२. माझ्या हाताखालचा माणूस स्वतःची चूक मला निर्धास्तपणे सांगू शकतो का?

३. मी ज्यांच्यामार्फत पैसे देतो, ते शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतात का, हे मी कधी विचारले आहे का?

४. मला मिळणारा एखादा हक्काचा लाभ, हाताखालच्यांवर भार पडतो म्हणून मी सोडून देऊ शकतो का?

प्रार्थना करू या

हे प्रभो येशू, तू सुताराच्या घरी वाढलास आणि घामाची किंमत तुला ठाऊक आहे. आमच्या या घाटात ज्यांनी कातळ फोडले, ओझी वाहिली आणि ज्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत, त्या सर्व मजुरांना तुझ्या राज्यात विसावा दे. ज्यांच्या हाती तू इतरांचा दोर दिला आहेस, त्यांना खरेपणा दे, देवाचे भय दे आणि शब्द पाळण्याचे बळ दे. ज्यांची मजुरी अडली आहे, त्यांना न्याय मिळवून दे आणि त्यांच्या मनातील कटुता दूर कर. कामकरी संत योसेफच्या मध्यस्थीने आमच्या घरांत, दुकानांत आणि कामाच्या सर्व ठिकाणी विश्वास नांदू दे. आमेन.